खिडकीतला खडा

१४ नोव्हेंबर

पोचले. बल्लारपूरला गाडीतून उतरले तर गुणवंतराव स्वतः फलाटावर, हातात झेंडूचा हार घेऊन. साठी उलटलेल्या बाईला स्टेशनवर हार घालून घेताना कानकोंडं होतं, पण आवडलं, खोटं कशाला लिहू. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजात मिळाला होता तो शेवटचा.

गुणवंतराव पूर्वी इथल्या कोळसाखाणीत सर्व्हेअर होते. खाण बंद पडली, कंपनी गेली, हे मात्र कॉलनीतच राहिले आणि लोकांच्या मदतीने एक छोटं दाब निरीक्षण केंद्र चालवतात. जीपमधून येताना पेपर मिलचा वास बराच वेळ मागे मागे आला, मग सागाची झाडं लागली आणि वास सुटला. कॉलनीतली बरीच घरं अजून भरलेली आहेत. केंद्र म्हणजे जुन्या मॅनेजरचा दुमजली बंगला. माझं राहायचंही तिथेच. खाली यंत्रं, वर माझी खोली, पश्चिमेला मोठी खिडकी. चादरी कोऱ्या, माठात वाळा घातलेला.

सगळी कॉलनी फाटकाशी जमली होती. राखणदार इस्तारीची म्हातारी आई, ताराबाई, पुढे आली. बाजारात वांगं फिरवून बघावं तसा माझा चेहरा दोन्ही हातांनी वळवून बघितला आणि म्हणाली, "लय नाजूक हाये व बाई. पन साफ हाये." सगळे हसले. मीही हसले. इतकी वर्षं नागपुरात राहिले, कुणी असं हातात तोंड धरलं नव्हतं.

फोनवरच गुणवंतरावांनी विचारलं होतं की घरी कोण कोण आहे. घरदार असलेली माणसं सारखी रजेवर पळतात म्हणे. मी सांगितलं होतं, पळायला माझ्यामागे कुणी उरलेलं नाही.

१६ नोव्हेंबर

काम समजून घेतलं. माझ्या आवडीचंच आहे.

बंगल्याखाली आणि कॉलनीखाली जुनी खाण पसरलेली आहे. खाणीचं छत तोलायला कोळशाचेच खांब सोडतात. गुणवंतरावांनी त्यातल्या उरलेल्या खांबांत मँगनीज मिसळलेल्या स्फटिकाच्या चकत्या बसवल्या आहेत. केसासारख्या काचेच्या तारेतून जांभळा प्रकाश खाली सोडायचा, चकती हिरवी उजळते आणि तो हिरवा प्रकाश त्याच वाटेने वर येतो. खांबावर भार वाढला की स्फटिकातले अणू एकमेकांच्या अंगावर येतात आणि प्रकाशाचा रंग सरकतो. हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा केशरी, केशरीचा लाल. प्रकाश मंदही होत जातो. आणखी दाबलं तर रंग लालच्याही पलीकडे जातो, जिथे माणसाच्या डोळ्याची हद्द संपते. वर्गात मुली विचारायच्या, मॅडम, मग तो विझला का. मी टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायची. डोळ्याला काही दिसत नाही आणि पडद्यावर दिवा लागलेला. विझला नाही गं, म्हणायची, तुम्हाला दिसत नाही एवढंच.

पडताळणीसाठी खाली एक छोटा दाबसंच आहे. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पदार्थाचा कण ठेवायचा आणि स्क्रू आवळायचा. त्या कणाशेजारी नेहमी असाच एक प्रकाशणारा खडा ठेवायची आमच्यात रीत आहे. पदार्थ मुका असतो, खडा रंगाने सांगतो. मी त्याला साक्षीदार म्हणायची. साक्षीदार लहान हवा, शुद्ध हवा, कशाला चिकटलेला नको.

गुणवंतरावांचा एकच आग्रह आहे. वरच्या खिडकीत पितळी बैठकीवर आवळ्याएवढा एक स्फटिक ठेवलाय, त्याखालचा जांभळा दिवा रोज दिवेलागणीला लावायचा. त्याच्यावर कसलंही वजन नाही, नुसती हवा. त्यामुळे त्याचा रंग कधी बदलायचा नाही. शोभेची वस्तू. सगळे त्याला खडाच म्हणतात.

संध्याकाळी तो लावला आणि नागपूरच्या कॉन्व्हेंटचं वसतिगृह आठवलं. सिस्टर अ‍ॅग्नेस झोपायच्या आधी मेरीमातेची छोटी मूर्ती बल्बला लावून धरायच्या, मग बल्ब मालवायच्या. मूर्ती फिकट हिरवी उजळून राहायची. ती मावळायच्या आत झोप लागली नाही तर मला रडू यायचं.

खाली रस्त्यावर लोक थांबले होते. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सायकलवर पाय टेकवून पुरुष. वर बघायचे आणि घरी जायचे. मी हात हलवला. सगळ्यांनी हलवला.

१९ नोव्हेंबर

स्वयंपाकाला सोमारी येते. अहेरीकडच्या जंगलातल्या गावातली, लग्न होऊन कॉलनीत आलेली, आता विधवा, तरी हातात काचेच्या बांगड्या घालते. हाताला चव आहे. पण मागच्या पडवीत चूल मांडते आणि ताट उंबऱ्यावरून देते, पाऊल आत टाकत नाही. विचारलं तर म्हणाली, "मी नाई येत जी आत. इथीच बरी हाये."

मला वाईट वाटलं. अजूनही ही माणसं आपण होऊन उंबऱ्याबाहेर थांबतात. आमच्या शाळेत झाडणाऱ्या मावशीची मुलगी माझ्याच बाकावर बसायची, सिस्टरांनी मुद्दाम बसवलेली. आज मी सोमारीचं मनगट धरलं आणि तिला ओढून आत आणलं, वेताच्या खुर्चीवर बसवलं आणि माझ्या कपात चहा दिला. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. चहा एका घोटात प्यायली, तोंड पोळलं, पळाली. जुनी भीती आहे, सावकाश जाईल. मन प्रसन्न झालं. सकाळपासून मान धरली होती, सोमारी आत असताना तेवढी सुटली होती.

२३ नोव्हेंबर

कपाटात मागे एक बुटांचा जोड सापडला. लहान मुलाच्या पायाचा, पण टाचा म्हाताऱ्या माणसासारख्या झिजलेल्या. मॅनेजरच्या मुलाचा असेल. इतकं नीट शिवलेलं चामडं, टाकवेना. पुसून खिडकीत ठेवला.

माझ्या खोलीशेजारच्या अडगळीच्या खोलीचं दार चौकटीत घट्ट बसलंय, उघडत नाही. आत उंदीर आहे. सारखं खुडखुडतं. मला उंदराचा फार कंटाळा.

२७ नोव्हेंबर

इस्तारीकडून उंदराचं औषध मागवलं. कणकेच्या गोळीत घालून त्या दाराखालून सरकवलं. मागून सिस्टर अ‍ॅग्नेस डोळे मोठे करून बघत असल्यासारखं वाटलं, म्हणून उंदराची क्षमाही मागितली. सकाळी आवाज थांबला होता.

दुपारी ताराबाई झिंगे घेऊन आल्या, पडवीत बसून स्वतः सोलून दिले. मला काय काय आवडतं ते विचारत होत्या. मी म्हटलं, माझे एवढे लाड काऊन. त्यांच्या बोलीतला शब्द माझ्या तोंडी ऐकून त्या इतक्या हसल्या की झिंगा हातातून पडला. म्हणाल्या, "खाय व माय. तुले सांभाळाच लागते आमाले." मग जिना चढताना दम लागतो का, म्हणून विचारलं. आता लागतो थोडा, म्हटलं. त्यांनी मान हलवली. समाधानाने हलवली, असं मला वाटलं. म्हाताऱ्या माणसांना सोबतीला दुसऱ्याचं दुखणं बरं वाटतं.

कानांना दडे बसलेत. हिवाळ्याच्या कोरड्या हवेतही दारं फुगलीत, नवलच.

३ डिसेंबर

खिडकीतला खडा पिवळट झालाय.

आधी दिवा तपासला. काच पुसली. खोलीचं तापमान पाहिलं. मग खडा खाली यंत्राला लावला. यंत्र सांगतं, यावर दाब आहे. ज्याच्यावर काही ठेवलेलंच नाही त्यावर दाब कुठून येणार? अंगणात नेला, हिरवा झाला. खोलीत आणला, पिवळा. माझ्या उशीवर ठेवला, जास्त पिवळा. तळहातावर घेतला आणि तो केशरी झाला.

तळहातावर. जड लागत नव्हता.

मग खांबांची आजची निरीक्षणं पाहिली. सगळे खांब हिरवे. मी आले त्या दिवशीपेक्षा हिरवे. खालचा भार कमी झालाय. जितका तिथे कमी, तितका इथे जास्त. तीनदा ताडून पाहिलं.

गुणवंतरावांना सांगितलं. त्यांनी यंत्राबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. झोप नीट लागते का, ते विचारलं आणि संध्याकाळी मऊ गादी पाठवली.

आज लोक रस्त्यावर जास्त वेळ थांबले. मी हात हलवला नाही.

९ डिसेंबर

चष्म्याची काच डबीतल्या डबीत तडकली, म्हणून सकाळी चंद्रपूरला गेले. बस कॉलनीपासून लांब जात गेली तशी छाती मोकळी होत गेली. पुलावरून जाताना मी गुणगुणत होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी निघालेल्या मुलीसारखी. काच घालून घेतली, जेवले, आणि ठरवलं की आज लॉजवर राहायचं, उद्याचं उद्या बघू.

दुपारी गुणवंतरावांचा फोन आला. परत यावं लागेल, म्हणाले. आवाजात राग नव्हता.

पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. इस्तारीचं घर अर्धंच उभं होतं. गोठा आणि आतली खोली होती तिथे खड्डा, विहिरीसारखा, तळ दिसत नव्हता, धूळ अजून वर येत होती. ताराबाई आतल्या खोलीत निजल्या होत्या.

 एकाने माझी पिशवी घेतली. नवरीला वाट करून देतात तशी त्यांनी मला बंगल्यापर्यंत वाट करून दिली. फाटक इस्तारीने उघडलं. गुडघ्यापर्यंत चिखल, नखं फुटलेली. म्हणाला, "या बाई. थकल्या असान."

१० डिसेंबर

गुणवंतराव आले. आत आले नाहीत, पडवीत बसले. सगळं सरळ सांगितलं.

कंपनीने जाताना सोडलेल्या खांबांतलेही बरेचसे काढून विकले. कोणत्याही हिशेबाने छत त्याच पावसाळ्यात बसायला हवं होतं. बसलं नाही. खाणीत उतरायच्या जुन्या, विहिरीसारख्या शाफ्टवर हा बंगला आहे आणि मॅनेजर अजून इथे राहत होता. तो दिवसेंदिवस वाकत गेला, खुजा होत गेला. तो गेला त्या आठवड्यात दोन घरं खाली गेली. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. खाली खांब नसेल तर भाराला वर कुणीतरी लागतं. मग एकामागून एक माणसं आणली. माझ्याआधी हरिदास मास्तर होते, ब्रह्मपुरीचे, विधुर. फार सोशिक होते, म्हणाले.

कॉलेजच्या वार्षिकात मी साक्षीदार खड्यावर लेख लिहिला होता तो त्यांनी वाचला होता. त्यावरूनच मला शोधलं. हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, साक्षीदार फक्त सांगतो, तो भार उचलत नाही. ते म्हणाले, मॅडम, तुमच्याच लेखात आहे, शेजारच्या पदार्थावर असतो तेवढाच दाब खड्यावरही असतो.

हो. मीच लिहिलंय.

सरकारला कळवा, लोकांना हलवा, म्हटलं. त्यांनी कळवलं होतं. उत्तरं आली होती. मग फार हळू आवाजात म्हणाले की तुमच्यामागे कुणी नाही, आम्ही नीट चौकशी केली होती, कुणाच्या पोराबाळांचं माणूस आम्ही आणत नाही. कुलूप लावणार नाही. जेवणात काही कमी पडू देणार नाही. जोवर खडा दिसतो तोवर ताट येईल. खडा विझला की सगळी कॉलनी सुतक धरते आणि सुतक फिटेपर्यंत दार उघडत नाही. जायचं असेल तर आजही जाऊ शकता. फक्त बसस्टँडवर मागच्या वाटेने जाऊ नका, रस्त्याने जा, एकेक घर बघत.

१२ डिसेंबर

बॅग भरून फाटकापर्यंत गेले. बाया खाटांवर सांडगे घालत होत्या. एकीचं बाळ खाटेखाली झोपलं होतं, जमिनीवर, कान जमिनीला लावून.

परत आले.

कुणी मला संत समजू नये. जिना चढताना मी त्या बाळाला शिव्या दिल्या.

१५ डिसेंबर

सकाळपासून एकच विचार. त्या दिवशी सोमारी आत बसली होती तेव्हा मान सुटली होती. दोघी आत असलो तर निम्मं निम्मं होतं.

तिला चहाला बोलावलं. एरंडेल पाजायच्या दिवशी सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हाला ज्या आवाजात हाक मारायच्या त्या आवाजात. ती उंबऱ्यावर थांबली. म्हणाली, "नोको ना जी. पोरी लहान हायेत माह्या." मी म्हटलं, एक कप. तुझ्याशिवाय मला कोण आहे इथे.

ती आली. का आली कोण जाणे. मला वाटतं तिला माझी कीव आली.

छाती उघडली. इतक्या दिवसांनी पूर्ण श्वास. खडा लालसर होता, तो डोळ्यांदेखत केशरी झाला, मग पिवळा. मी तिचा हात हातात घेतला. शाळेच्या गोष्टी सांगितल्या, नाताळच्या केकच्या, मूर्तीच्या. मला खरोखर आनंद झाला होता. तिच्या नाकातून रक्त आलं, कपात पडलं. "सोडा जी आता," म्हणाली. मी म्हटलं, अजून एक बिस्कीट खा.

मग तिच्या बांगड्या फुटल्या. कुणी हात न लावता, एकेक, मनगटावरच. काचा मनगटात रुतल्या.

तेव्हा सोडला हात.

तिने मनगट पदरात गुंडाळलं. दारातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली. लगेच खडा लाल.

१८ डिसेंबर

ताट आता काठीने सरकवतात. कोण सरकवतं, दिसत नाही. अन्न चांगलं असतं. आज खीर होती.

खिडकीची कड माझ्या कमरेशी होती. आता छातीशी आहे.

साडी, चपला, चष्मा, सगळं मला अजून नीट होतं. खोलीच तेवढी मोठी झाली आहे.

त्या बुटांकडे बघवत नाही.

२० डिसेंबर

गेले होते. खरंच निघाले होते, कॉलनी बुडो, सगळे बुडोत. खालचं दार उघडलं नाही. चौकट दारावर बसली आहे. मागचंही. आत ओरडले. आवाज ओठांशीच पडतो. छाती वर उचलत नाही तर आवाज कुठून —

इस्तारी पायरीवर बसला होता. त्याने ऐकलं असावं. दाराला टेकून बराच वेळ बसला. आईबद्दल काहीतरी बोलला, मग म्हणाला, "थोडंसच राह्यलं असन बाई, सोसा." समजूत घालत होता.

२२ डिसेंबर

पेन जड. पेन्सिलीचं टोक टेकलं की मोडतं. अक्षर बारीक होत चाललंय, मुद्दाम नाही.

खुर्चीवर चढून खिडकीत बसते. चढायला वेळ लागतो.

संध्याकाळी पोरं आणतात. बोट दाखवून शिकवतात. हिरवा म्हणजे काय. लाल म्हणजे काय.

२४ डिसेंबर

आजच्या दिवशी वसतिगृहात येशूजन्माचा गोठा मांडायचो. गवत, कापूस, मातीची मेंढरं. माझ्याकडे कापूस पिंजायचं काम.

खडा चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्यासारखा. सिस्टर, मूर्ती मावळते आहे आणि मला झोप —

२५ डिसेंबर

खडा दिसेना.

खाली आधी कुणीतरी एकटीने हंबरडा फोडला. मग सगळे. चपला काढल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. खरं रडतात. हे नाटक नाही.

ताट आलं नाही.

पण तो विझलेला नाही. लालच्या पलीकडे गेलाय. मोबाईल समोर धरला — धरवत नाही, पाटीएवढा झालाय — खिडकीच्या कडेला टेकवला. पडद्यावर खडा पांढरा धगधगतोय. आहे. मी आहे.

मग हरिदास मास्तरही

ती खुडखुड. शेजारच्या खोलीत. मी यायच्या आधी त्यांचाही खडा असाच दिसेनासा झाला असणार. सुतक फिटलं होतं. मला कोऱ्या चादरी घातल्या होत्या.

उंदीर नव्हता. उपाशी माणूस होता. मी त्याला कणकेची गोळी —

पुन्हा नाही लिहिणार हे.

गुणवंतराव फाटकाशी फोनवर. इतका गोड आवाज. राहायला बंगला आहे, म्हणतात. हवा छान आहे. घरी कोण कोण असतं आपल्या?

फोनवरची ती येईल. मला ऐकेल. उंदराचा तिलाही कंटाळा असेल.

नाही. खाली दाखवायचं. पडदा काचेकडे वळवला. अंगाने रेटून. वरून पांढरा उजेड पडला असेल रस्त्यावर, थोडा तरी. कुणीतरी बघा. बघा ना.

सोमारी.

सोमारीने वर पाहिलं. उजेड पाहिला. मग मला पाहिलं. काचेला टेकलेली मी, दोन हात, सगळं. ओळखलं. तिच्या हातात नव्या बांगड्या आहेत, हिरव्या. शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवला. आता सांगेल. आता —

मान खाली घातली. आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडू लागली. इतक्या मोठ्याने की मी काचेवर मारते आहे ते मलाच ऐकू